गरजेची यादी आणि शाळेचे साहित्य : मुंबई इलाख्यातील १८२३ ते १८२९ या काळातील शालेय चौकशीचा विचार

१

शाळांना कोणत्या साधनांची गरज आहे हे ठरविण्यासाठी आज जिल्हा हा घटक धरून माहिती गोळा केली जाते. संगणक किती, त्यांपैकी चालू किती, वीज आहे की नाही, इंटरनेटची जोडणी आहे की नाही, अशा प्रश्नांची उत्तरे शाळाशाळांतून येतात. त्यांची बेरीज तालुक्यात, जिल्ह्यात आणि राज्यात होते व तीवरून पुढील तरतूद ठरते. ही पद्धत संगणकाबरोबरच जन्मास आली असे मानण्याचे कारण नाही. मुंबई इलाख्यात सुमारे दोनशे वर्षांपूर्वी, इ. स. १८२३ ते १८२९ या काळात, शाळांच्या गरजांचा असाच शोध घेण्यात आला होता. त्या वेळचे नवे शैक्षणिक तंत्र म्हणजे छापील पुस्तक, ते सुलभ करणारा शिळाछाप, आणि एका शिक्षकाने शेकडो मुले हाताळण्याची लँकास्टर यांची वर्गव्यवस्था.

या चौकशीचा अभ्यास आजवर मुख्यतः साक्षरतेच्या संदर्भात झाला. ब्रिटिश अंमलापूर्वी या देशात शिकलेले लोक किती होते, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीव्र वादाचा झाला होता. २० ऑक्टोबर १९३१ रोजी महात्मा गांधींनी लंडन येथील भाषणात भारत पूर्वीपेक्षा अधिक निरक्षर झाल्याचे विधान केले. सर फिलिप हार्टॉग यांनी त्यास आव्हान दिले आणि जुनी दप्तरे नव्याने उघडली गेली. मुंबई इलाख्यापुरते हे काम रा. वि. परुळेकर यांनी केले. १८२० ते १८३० या दशकातील सरकारी कागद त्यांनी संकलित केले आणि जिल्हाधिकाऱ्यांनी पाठविलेले आकडे अपुरे आहेत असे साधार दाखविले.

तथापि त्या कागदांकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. किती मुले शिकत होती, हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून, शाळेजवळ काय आहे व काय नाही हे ठरविणाऱ्यांनी ते कशाच्या आधारे ठरविले, असे विचारले असता एक वेगळाच निष्कर्ष हाती येतो. गरजेची यादी करणाऱ्याने ज्या वस्तूस नाव दिले तेवढीच वस्तू ‘आहे’ किंवा ‘नाही’ या सदरात बसली. ज्या साधनास यादीत नाव मिळाले नाही, ते शाळेत रोज वापरात असूनही हिशेबात आले नाही. या वगळण्याचे परिणाम पुढील अर्धशतक टिकले, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य होय.

२

पेशवाईचा अंत १८१८ मध्ये झाला आणि पुढील वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर झाले. ‘बॉम्बे एज्युकेशन सोसायटी’ ही संस्था १८१५ पासून मुख्यतः युरोपीय मुलांसाठी काम करीत होती. एतद्देशीय मुलांच्या शिक्षणासाठी तिच्यातून एक शाखा निघाली आणि १८२२ मध्ये ‘बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी’ या नावाने ती स्वतंत्र झाली. १८२७ मध्ये तिचे नाव ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ असे करण्यात आले. संस्थेच्या मूळ नावात ‘शाळा’ या शब्दाच्या आधी ‘पुस्तक’ हा शब्द येतो. नावातील हा क्रम पुढे कामातही उतरलेला दिसतो.

देशी शिक्षणाची स्थिती तपासण्यासाठी या संस्थेने एक समिती नेमली. तिने १८२३ च्या अहवालात चार उणिवा सांगितल्या. पहिली व मुख्य उणीव पुस्तकांची. दुसरी, सोप्या व परिणामकारक अध्यापनपद्धतीची. तिसरी, योग्य शिक्षकांची. आणि चौथी, द्रव्याची. ही एका इलाख्याच्या शैक्षणिक गरजांची क्रमवार यादीच आहे. डिसेंबर १८२३ मध्ये एल्फिन्स्टन यांनी शिक्षणविषयक आपले सुप्रसिद्ध टिपण लिहिले. त्यातील पहिली सूचना देशी शाळांतील अध्यापनाची पद्धत सुधारावी व शाळांची संख्या वाढवावी अशी, आणि दुसरी त्या शाळांना पुस्तके पुरवावीत अशी होती. त्यापाठोपाठ मार्च १८२४ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडून गावशाळांची माहिती मागविण्यात आली.

घटनांचा हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. उणिवांची यादी १८२३ मध्ये तयार झाली होती. जिल्ह्याजिल्ह्यांतील चौकशी १८२४ मध्ये निघाली. चौकशीने यादीस आकडे जोडले. यादीतील सदरे मात्र आधीच ठरलेली होती.

ज्यांनी ही सदरे ठरविली त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे कळकळीचे एतद्देशीय गृहस्थ संस्थेच्या कार्यात होते. एल्फिन्स्टन यांना देशी भाषांविषयी आस्था होती, आणि गव्हर्नरांच्या कौन्सिलात फ्रान्सिस वॉर्डन यांच्यासारख्यांचे मत वेगळे असताही त्यांनी मराठी व गुजराती माध्यमातील शिक्षणाचा आग्रह धरला. प्रश्न सदिच्छेचा नाही. तो दृष्टीच्या कक्षेचा आहे.

३

त्या काळची गावची शाळा बहुधा देवळात, धर्मशाळेत अथवा एखाद्या गृहस्थाच्या ओसरीवर भरे. पंतोजीस मिळकत पालकांकडून येणारा शिधा, थोडे रोख पैसे आणि सणावारी होणारी प्राप्ती यांची असे. शाळेत छापील पुस्तक जवळजवळ आढळत नसे, आणि समितीच्या दृष्टीने हीच सर्वांत ठळक गोष्ट होती. परंतु पुस्तक नव्हते म्हणून साधन नव्हते, असे म्हणता येत नाही.

लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे काढीत. हीच धूळपाटी, आणि तीवरील अक्षरे म्हणजे धुळाक्षरे. चुकलेले अक्षर हाताने पुसले की फळी पुन्हा कोरी होई. तिला खर्च नव्हता आणि तिचा साठाही संपत नव्हता. अक्षर बसले की बोरू व शाई येई. पंतोजी मोडीत कित्ता घालून देई आणि मुलगा तो गिरवी. गणितासाठी पाढ्यांची मालिका होती: पूर्णांकांचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. सायंकाळी मुले रांगेने बसून मोठ्याने परवचा म्हणत. आणे, पै, शेर, पायली, बिघे यांचे हिशेब अपूर्णांकांतच चालत. त्यामुळे साडेतीनच्या पाढ्यास दुकानात आणि कुलकर्ण्याच्या दप्तरात रोजचा उपयोग होता. आज आपण ज्यास गणनसाधन म्हणतो ते येथे मुलाच्या स्मृतीत बसविलेले होते.

या साहित्याची नोंद चौकशीच्या आकडेवारीत नाही. मराठी भाषेत मात्र ती राहिली आहे. मोल्स्वर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये, म्हणजे या चौकशीनंतर अवघ्या काही वर्षांत, प्रसिद्ध झाला. शासनाच्याच आश्रयाने तयार झालेल्या या कोशात शाळेतील साधनांचे आणि क्रियांचे शब्द अर्थासह जमा झाले. ‘कित्ता गिरविणे’ हा वाक्प्रचार आजही अनुकरण या अर्थी चालतो. आरंभास ‘ओनामा’ म्हणतात तो ‘ॐ नमः सिद्धम्’ या अक्षरारंभीच्या मंगलवचनाचा अवशेष आहे. ‘पाटी’ हा शब्द पुढे दगडी पाटीस लागला आणि ‘पाटी कोरी असणे’ हा प्रयोग रूढ झाला. शब्द जेथे इतके दाट असतात तेथे व्यवहारही तितकाच दाट असला पाहिजे. अर्थात कोशावरून शाळांची संख्या काढता येत नाही. परंतु ज्या व्यवसायास स्वतःची एवढी परिभाषा आहे त्यास ‘पद्धतीचा अभाव’ हे वर्णन लागू करताना विचार करावा लागतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या शाळेचे गुणगान करण्याचा मोह टाळला पाहिजे. तिच्यात मुली जवळजवळ नव्हत्याच. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांस तिच्या ओसरीवर जागा नव्हती. शिक्षा कठोर असत. वाचन हिशेबापलीकडे व पत्रव्यवहारापलीकडे फारसे जात नसे, आणि भूगोल, इतिहास, निसर्गविज्ञान हे विषय तिच्या कक्षेबाहेर होते. पुस्तकांची उणीव खरी होती. समितीची चूक उणीव सांगण्यात झाली नाही. जे होते ते न सांगण्यात झाली.

४

समितीने दुसऱ्या क्रमांकावर घातलेल्या पद्धतीच्या उणिवेवर उपाय म्हणून लँकास्टर यांच्या वर्गव्यवस्थेचा पुरस्कार करण्यात आला. मोठ्या व हुशार मुलांनी लहान मुलांस शिकवावे आणि शिक्षकाने सर्वांवर देखरेख ठेवावी, हे तिचे सूत्र. या व्यवस्थेचा पूर्वेतिहास पाहिला असता एक विलक्षण गोष्ट समोर येते.

जोसेफ लँकास्टर यांनी लंडनमधील आपली शाळा १७९८ च्या सुमारास उभारली. तत्पूर्वी, १७९७ मध्ये, डॉ. अँड्र्यू बेल यांनी मद्रासमधील आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त लंडन येथे प्रसिद्ध केला होता. बेल हे १७८९ पासून मद्रासजवळील एग्मोर येथील अनाथ मुलांच्या आश्रमाचे अधीक्षक होते. तेथे त्यांनी एका देशी शाळेतील मुले वाळूत बोट फिरवून अक्षरे काढताना पाहिली. ही युक्ती आपल्या शाळेत आणावी असे त्यांस वाटले. शिक्षक अनुकूल नव्हते, तेव्हा त्यांनी एका लहान मुलास इतरांना शिकविण्याच्या कामी लावले. तेथून ‘मद्रास पद्धती’ निघाली. लँकास्टर यांच्या शाळेतही लहान मुलांस वाळूच्या पेटीवर अक्षरे काढण्यास शिकवीत. बेल व लँकास्टर यांच्यात श्रेयाचा वाद पुष्कळ झाला. दोघांच्याही वर्गांत वाळू मात्र होती.

म्हणजे भारतातील शाळेतून एक साधन इंग्लंडात गेले, तेथे त्यास नाव, पुस्तक आणि संस्था मिळाली, आणि तीस वर्षांच्या आत ते ‘सुधारलेली पद्धती’ म्हणून मुंबईस परत आले. ते ज्या शाळांसाठी आणले त्या शाळांच्या ओसरीवर धूळपाटी आधीपासूनच होती, आणि मोठ्या मुलाने लहान मुलाकडून पाढे म्हणवून घेण्याची चालही होती. तीच वस्तू देशी शाळेत असताना अभावाच्या सदरात पडली आणि मुद्रित नियमावलीतून आली तेव्हा गरजेच्या सदरात बसली. लँकास्टर यांच्या व्यवस्थेत वर्गांची विभागणी, हजेरी, बक्षिसे अशा गोष्टी नव्या होत्या हे मान्य केले पाहिजे. परंतु जे समान होते ते कोणास दिसले नाही, ही गोष्ट त्या पाहणीच्या स्वरूपावर प्रकाश टाकते.

५

पुस्तकांच्या बाबतीत झालेले काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय निःसंकोचपणे दिले पाहिजे. मुंबईतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १८१७ पासून मराठी मजकूर छापून निघत होता. परंतु देवनागरीचे खिळे पाडणे हे खर्चाचे व वेळखाऊ काम होते. जोडाक्षरांमुळे खिळ्यांची संख्या वाढे. शिळाछापात ही अडचण नव्हती. सुलेखनकाराने चिकट शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उतरे आणि त्यावरून प्रती निघत. अक्षर हाताचेच राही, जोडाक्षरे जशीच्या तशी येत, आणि भूमितीच्या आकृतीही त्याच दगडावर काढता येत. संस्थेचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी या साधनाचा उपयोग करून गणिताची मराठी पुस्तके सिद्ध केली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ मध्ये आली. शास्त्र्यांनी केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ मध्ये प्रसिद्ध होऊ लागला. अर्वाचीन मराठी गद्याचा पाया ज्या थोड्या ग्रंथांनी घातला त्यांतील बरेचसे या चळवळीचे अपत्य होत.

परंतु पुस्तक शाळेत पोचणे आणि शाळेच्या कामात बसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गावच्या शाळेत मूल मोडी शिके, कारण पत्र, रोखा, खतावणी, जमाबंदीचे कागद मोडीत असत. पुस्तके बहुतांशी बाळबोध लिपीत, म्हणजे देवनागरीत, होती. पालकाच्या दृष्टीने ज्या लिपीत रोजचा व्यवहार चाले तिच्यात मूल तरबेज होणे हा शाळेचा मुख्य लाभ होता. नव्या पुस्तकांनी ज्ञानाचा नवा विषय आणला, परंतु त्याबरोबर लिपी बदलली, भाषेचा थर बदलला आणि वाचनाची रीतही बदलली. पुण्याच्या शास्त्र्यांच्या हातून संस्कारित झालेले गद्य कोकणातील अथवा खानदेशातील मुलाच्या घरच्या बोलीहून पुष्कळ दूर होते. पंतोजीस असे पुस्तक देऊन त्याचे काम सुलभ होणार नव्हते. ते वापरावयाचे तर त्यास आपले सारे काम नव्याने शिकावे लागणार होते.

यास्तव पुस्तकाबरोबर नवा शिक्षक आवश्यक झाला. संस्थेने मुंबईत मराठी व गुजराती शिक्षक तयार केले. त्यांपैकी २४ जणांची पहिली तुकडी १८२६ मध्ये जिल्ह्यांत पाठविण्यात आली व त्यांच्यासाठी शाळा निघाल्या. देशी शाळा सुधारण्याची मूळ सूचना अशा रीतीने व्यवहारात तिच्या शेजारी दुसरी शाळा उभारण्याकडे वळली.

६

१८२९ च्या सुमाराचे जे एकत्रित आकडे उपलब्ध आहेत त्यांत या वळणाचे माप मिळते. इलाख्याची लोकसंख्या ४६,८१,७३५ धरली आहे. शाळा एकूण १,७०५ आणि विद्यार्थी ३५,१५३. त्यांपैकी सरकारच्या शाळा २५ असून त्यांत विद्यार्थी १,३१५ होते. उरलेल्या १,६८० गावशाळांत ३३,८३८ विद्यार्थी होते.

सरकारी शाळेत सरासरी ५२ हून अधिक मुले होती, गावशाळेत सुमारे २०. नवी पुस्तके, नवी पद्धत, पगारी शिक्षक हे सर्व ज्यांच्यापर्यंत नियमाने पोचण्याची व्यवस्था होती, ती मुले एकूण नोंदलेल्या विद्यार्थ्यांच्या शंभरांत चारांहूनही कमी होती. उरलेली ९६ मुले ज्या शाळांत होती त्या शाळांची साधने, त्यांचा क्रम, त्यांची शिक्षकपरंपरा यांस यादीत स्थान नसल्याने त्यांना काय द्यावे याचाही विचार पुरेसा झाला नाही. इतिहासलेखनात ३३,८३८ हा आकडा वादाचा विषय झाला. त्या काळी तो जिवंत मुलांचा आकडा होता आणि कोणत्या मुलास काय मिळणार हे यादीतील सदरांवर अवलंबून होते.

हा आकडाही पूर्ण नव्हे. गव्हर्नरांच्या कौन्सिलाचे सभासद प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये असे लिहिले होते की, आपल्या प्रदेशात लहानमोठे असे क्वचितच एखादे गाव असेल की ज्यात किमान एक शाळा नाही. हे विधान आणि १,७०५ ही संख्या यांचा मेळ बसत नाही. प्रेंडरगास्ट यांच्या लिहिण्यात अतिशयोक्ती असणे शक्य आहे. परंतु परुळेकर यांनी दाखविल्याप्रमाणे दुसरी बाजूही आहे. जिल्हाधिकाऱ्यांची माहिती कनिष्ठ अंमलदारांमार्फत आली, तिच्यात सर्व गावे आली नाहीत, आणि घरी शिकणारी मुले कोणी मोजली नाहीत. ‘शाळा’ या शब्दाची व्याप्ती सरकारी कागदात एक होती आणि गावात दुसरी. ऋतुमानाप्रमाणे भरणारी व बंद होणारी, चार घरची मुले एकत्र करून चालविलेली, अथवा एका घरातच पंतोजी ठेवून चाललेली शिकवणी शाळा म्हणावी की नाही, हे उत्तर देणाऱ्यावर सोपविलेले होते.

७

अन्य प्रांतांशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मद्रास इलाख्यात सर टॉमस मन्रो यांनी जून १८२२ मध्ये अशीच चौकशी आरंभिली. मार्च १८२६ च्या टिपणात त्यांनी १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी असे आकडे दिले; लोकसंख्या १,२८,५०,९४१ होती. या हिशेबाने तेथे सुमारे ६८ माणसांमागे एक विद्यार्थी पडतो, तर मुंबईच्या आकड्यांवरून सुमारे १३३ माणसांमागे एक. दोन शेजारच्या प्रदेशांत एवढे अंतर प्रत्यक्षात होते, की मोजणीच्या रीतीमुळे दिसते, हा प्रश्न सहजच उद्भवतो. मन्रो यांनी स्वतः शाळेतील आकड्यांवर न थांबता घरी शिकणाऱ्या मुलांचा विचार केला. खुद्द मद्रास शहरात शाळेतील मुले ५,५२३ आणि घरी शिकणारी २६,९६३ अशी माहिती त्यांच्याकडे आली होती. दुसरी संख्या त्यांस जास्त वाटली. तरी घरी शिकणाऱ्यांना वगळून चालणार नाही हे त्यांनी जाणले.

या बाबतीत सर्वांत पुढचे पाऊल बंगालमध्ये विल्यम ॲडम यांनी टाकले. त्यांचे तीन अहवाल १८३५ ते १८३८ या काळातील आहेत. पहिला उपलब्ध कागदांवर आधारलेला होता. दुसऱ्यासाठी त्यांनी राजशाही जिल्ह्यातील नाटोर हे एकच ठाणे निवडले आणि तेथे बारकाईने चौकशी केली. तेथे प्राथमिक शाळा २७ आणि त्यांत विद्यार्थी २६२ भरले. मग घरोघरी चौकशी केली तेव्हा १,५८८ कुटुंबांत २,३८२ मुले घरीच शिकत असल्याचे आढळले. शाळा मोजणारास जेवढी मुले दिसली त्यांच्या नऊपट मुले घर मोजणारास दिसली. प्रश्न बदलला आणि जिल्ह्याचे चित्र बदलले.

ॲडम यांच्या शिफारशीही त्यांच्या मोजणीस धरून होत्या. निवडक जिल्ह्यांत देशी भाषांतील पुस्तके तयार करावीत, ती चालू शाळांच्या गुरुजींस द्यावीत, त्या पुस्तकांवर त्यांची परीक्षा घ्यावी व उत्तीर्ण होणारास बक्षीस द्यावे, असे त्यांनी सुचविले. म्हणजे जो शिक्षक गावात आधीच आहे त्याच्या हाताने नवे साधन आत यावे, अशी ही योजना होती. कलकत्त्याच्या शिक्षण समितीने ती अव्यवहार्य ठरविली. मुंबईत चालू शाळांकडे पोचण्याची इच्छा टिपणात होती, पण रीत सापडली नाही. बंगालमध्ये रीत सापडली, पण इच्छा उरली नाही. दोन्हीकडे गावची शाळा नव्या तंत्राच्या बाहेरच राहिली.

८

यादी कोण करतो यावर तिचे स्वरूप किती बदलते, याचे उत्तम उदाहरण पुढे १८८२ मध्ये मिळते. हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढल्यापासून त्यांस शाळा चालविण्याचा प्रत्यक्ष अनुभव होता. शेतकरी वर्गाची मुले शाळेत का येत नाहीत, आली तर का टिकत नाहीत, याचा विचार त्यांनी शेतकऱ्याच्या घरातून केला. प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध या दोन्ही लिपींचे वाचन-लेखन असावे, हिशेब असावा, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख असावी, आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य हे विषय असावेत, अशी मागणी त्यांनी केली. प्रचलित क्रमिक पुस्तके व्यवहारोपयोगी नाहीत, ती नव्याने रचावीत, असेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले.

१८२३ ची यादी व १८८२ ची यादी शेजारी ठेवली असता भेद चटकन ध्यानात येतो. पहिलीत ‘पुस्तके नाहीत’ अशी नोंद आहे. दुसरीत पुस्तके आहेत, पण ती कोणाच्या उपयोगाची नाहीत हे सांगितले आहे. पहिलीत लिपीचा प्रश्न मुळीच उद्भवत नाही. दुसरीत मोडी आरंभीच येते. विशेष म्हणजे फुले यांनी जुन्या शाळेचा कैवार घेतलेला नाही. त्या शाळेने ज्यांस दाराबाहेर ठेवले त्यांच्याच वतीने ते बोलत होते. तरीही जुन्या शाळेत जे व्यवहारोपयोगी होते ते त्यांच्या यादीत टिकले आहे, आणि नव्या शाळेत जे हवे तेही त्यांनी मागितले आहे. शिक्षणाची निकड ज्यांना होती त्यांच्या बाजूने केलेली ही यादी असल्याने ती एकाच वेळी अधिक पुराणी व अधिक आधुनिक वाटते.

‘गरज’ या शब्दाचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. अरबीतून फारसीमार्गे मराठीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ हेतू, उद्देश, मतलब असा आहे. मराठीत तो आवश्यकता या अर्थी स्थिर झाला आणि हेतूचा अर्थ मागे पडला. परंतु अर्थ मागे पडला म्हणून वस्तुस्थिती बदलत नाही. प्रत्येक गरजेमागे कोणाचा तरी हेतू असतो. शाळेची गरज म्हणून जी नोंदली जाते, तिच्यात शाळेचा हेतू किती आणि नोंदणाराचा किती, हे वेगळे काढणे हेच पाहणी करणाराचे खरे काम होय.

९

आज देशातील शाळांची माहिती ‘यू-डायस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकत्रित जिल्हा माहिती प्रणालीतून गोळा होते. तिच्या नावातही ‘जिल्हा’ आहे. २०२३-२४ च्या माहितीनुसार देशातील ५७.२ टक्के शाळांत संगणक होता आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. १८२४ च्या चौकशीशी तुलना करता ही माहिती अतुलनीय रीतीने पूर्ण आहे. प्रत्येक शाळेस क्रमांक आहे, प्रत्येक वर्षी नोंद होते, आणि आकडा कोणासही पाहता येतो. या प्रगतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु जुन्या चौकशीतून निघणारा प्रश्न याही आकड्यांना लागू पडतो. उरलेल्या ४२.८ टक्के शाळांत संगणक नव्हता, हे कळल्याने त्या शाळांत काय आहे हे कळत नाही. कोणत्या साधनांवर तेथे शिकविणे चालते, शिक्षकाने स्वतः काय बनविले आहे, मूल घरी कोणती भाषा बोलते आणि जे यंत्र येणार आहे त्यातील पाठ कोणत्या भाषेत आहेत, या गोष्टी होय-नाहीच्या सदरात मावत नाहीत. नंदुरबारमधील भिली बोलणारे मूल किंवा मेळघाटातील कोरकू बोलणारे मूल आणि प्रमाण मराठीतील पडद्यावरचा पाठ यांतील अंतर हे धुळाक्षर व शिळाछापाचे पुस्तक यांतील अंतराच्याच जातीचे आहे. ते न मोजता साधन पाठविले तर ते शाळेत पोचेल. शाळेच्या कामात बसेल असे नाही.

यावरून जिल्हानिहाय पाहणीसाठी तीन गोष्टी सुचतात. पहिली, अभावाची यादी करण्यापूर्वी अस्तित्वाची यादी करावी. चालू साधनांना त्या जागी जे नाव आहे त्या नावानेच त्यांची नोंद व्हावी. दुसरी, ॲडम यांनी नाटोरमध्ये केले त्याप्रमाणे किमान एका लहान क्षेत्रात शाळेबाहेर, घरापर्यंत जाऊन चौकशी करावी, म्हणजे मोठ्या आकड्याचा दोष किती आहे याचा अंदाज येईल. तिसरी, सदरे ठरविताना ज्यांस शिकावयाचे आहे आणि ज्यांस शिकवावयाचे आहे त्यांचा शब्द आरंभीच घ्यावा. फुले यांना तो आयोग नेमला गेल्यानंतर, साठ वर्षांनी, निवेदनाच्या रूपाने सांगावा लागला.

एल्फिन्स्टन यांच्या काळातील समितीने पुस्तक मागितले हे योग्यच झाले. त्या पुस्तकांवाचून पुढील मराठी वाङ्मयाची कल्पना करता येत नाही. परंतु १,६८० ओसऱ्यांवर धूळपाटी घेऊन बसलेली मुले तिच्या अहवालात केवळ पुस्तक नसलेली मुले म्हणून आली. त्यांच्या हातात काय होते हे विचारले गेले असते, तर कदाचित त्या हातांत पुस्तक देण्याची वाटही तेव्हाच सापडली असती.